तो लाल नकाशा आणि नवी मुंबईतलं पाणी

प्रश्न थोडक्यात असा: सीवूड्सला भाड्याने राहणारं एक जोडपं नेरुळला, पाम बीच मार्गाच्या बाजूला, घर बघतंय. मेहुण्यांनी त्यांना एक नकाशा पाठवला. त्यात २०५० साली वाशीपासून उलव्यापर्यंतचा सगळा पट्टा लाल, म्हणजे पाण्याखाली. हा नकाशा खरा आहे का, समोरची खारफुटी आपल्याला वाचवेल का, आणि घर घ्यावं की नाही, असं त्यांचं विचारणं आहे. माझा धंदा खाडीकाठची उंची-खोली मोजण्याचा. जमिनीचे आरएल (ठरलेल्या शून्यापासूनची उंची), नाल्यांचे इन्व्हर्ट (तळाची पातळी), खाडीतलं साउंडिंग (पाण्याची खोली), असलं काम. घरांच्या भावातलं मला काही कळत नाही, तेव्हा पाण्याबद्दल बोलतो. जरा लांबेल.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. २०५० साली नेरुळ समुद्राच्या तळाशी नसेल. पण म्हणून नकाशा हसण्यावारीही नेऊ नका. आपल्याकडे धोका आहे तो पावसाचं पाणी बाहेर जाण्याच्या वाटेत. शहरात साठलेल्या पाण्याला खाडीत उतरायला दर ओहोटीला काही तास मिळतात. समुद्र वीस सेंटिमीटर चढला तर ते तास कमी होतात. किती कमी होतात याचं गणित पुढे करून दाखवतो, कारण त्यात एक गोष्ट अशी आहे जी महापालिकेच्या बैठकांतही फारशी कोणी बोलत नाही.

आता नकाशा. त्याचं मूळ ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधात आहे. क्लायमेट सेंट्रल या अमेरिकेतल्या संस्थेच्या स्कॉट कुल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांनी तो लिहिला. त्यांनी केलेलं काम खरोखर मोलाचं आहे. तोपर्यंत जगभरच्या किनाऱ्यांची उंची बहुतेक जण एकाच ठिकाणाहून उचलत होते: फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून रडारने केलेली मोजणी. रडारची लहर झाडाच्या शेंड्यावर आणि इमारतीच्या गच्चीवर आपटून परत जाते, त्यामुळे दाट वस्तीचा किनारा प्रत्यक्षापेक्षा उंच दिसतो. ही चूक सरासरी दोन मीटरच्या आसपास होती. दोन मीटर! जिथे सगळी भांडणं सेंटिमीटरची आहेत तिथे दोन मीटर. कुल्प आणि स्ट्रॉस यांनी अमेरिकेतल्या लेझर-मोजणीवर संगणकाला शिकवून ही चूक बरीच कमी केली, आणि जगात २०५० पर्यंत सुमारे ३० कोटी लोकांची राहती जमीन वर्षातून सरासरी एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली असेल असा आकडा काढला. आधीच्या अंदाजांच्या तो कितीतरी पट होता.

पण नकाशा काय सांगत नाही तेही बघा. तो फक्त जमिनीची उंची आणि पाण्याची उंची एकमेकांशेजारी ठेवतो आणि जमीन खाली असली की लाल रंग देतो. मध्ये बांध आहे, रस्त्याचा भराव आहे, फाटक आहे, याची त्याला खबर नाही. लेखकांनी ते निबंधात स्वतःच सांगितलंय. बातम्या करणाऱ्यांनी तेवढं वाक्य गाळलं. शिवाय दुरुस्ती करूनही एखाद्या विशिष्ट जागेवरची चूक तिथल्या समुद्रवाढीपेक्षा मोठी असू शकते. असा नकाशा देशाचा विचार करायला चांगला. प्लॉटचा विचार करायला साइटवर लेव्हल लावावी लागते, दुसरा मार्ग नाही.

उंचीबद्दल बोलतोच आहे तर एक तक्रार नोंदवून ठेवतो. दर पावसाळ्यात बातमी येते, ‘आज समुद्रात ४.८ मीटरच्या लाटा उसळणार’. त्या लाटा नसतात. ती भरतीची उंची असते, आणि ती शून्यापासून मोजलेली असते तो शून्य म्हणजे साधारण सर्वांत खालच्या ओहोटीची पातळी, चार्ट डेटम. मुंबईत अपोलो बंदरला समुद्राची सरासरी पातळीच या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती सरासरी समुद्रपातळीच्या वर फक्त २.३ मीटर येते. तुमच्या सोसायटीच्या नकाशावरचा आरएल सरासरी समुद्रपातळीपासून दिलेला असेल आणि भरतीच्या कोष्टकातला आकडा चार्ट डेटमपासून, तर दोन्ही एकमेकांतून वजा करून काहीही हाती लागत नाही. मुंबईत तर टाऊन हॉल डेटम नावाचा तिसराच शून्य अजून वापरात आहे. हे फक्त सामान्य माणसाचं होतं असं नाही. व्हिएतनाममधल्या मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशाची सरासरी उंची समुद्रपातळीपासून २.६ मीटर आहे असं वर्षानुवर्षं धरलं जात होतं. फिलिप मिंडरहाउड आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये स्थानिक मोजणी आणि स्थानिक समुद्रपातळी जुळवून दाखवलं की ती जेमतेम ०.८ मीटर आहे. तेव्हा कोणी तुम्हाला ‘आमचा प्लॉट साडेतीन मीटरवर आहे’ असं म्हणालं, तर पहिला प्रश्न: कुठल्या शून्यापासून?

समुद्र किती वेगाने चढतोय, हे पटकन सांगून पुढे जातो. अपोलो बंदरची भरतीची नोंद १८७८ पासूनची आहे, आशियातल्या सर्वांत जुन्यांपैकी. त्यावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या उन्नीकृष्णन आणि शंकर यांनी काम केलंय. शंभर-सव्वाशे वर्षांचा सरासरी वेग वर्षाला एक मिलिमीटरच्या आसपास होता. आता तो राहिलेला नाही. उपग्रहांच्या मोजणीनुसार जगाचा सरासरी वेग १९९३ मध्ये वर्षाला २.१ मिलिमीटर होता, २०२३ मध्ये ४.५ झाला, म्हणजे तीस वर्षांत दुपटीहून जास्त. आंतरसरकारी हवामान समितीच्या सहाव्या अहवालानुसार २०५० पर्यंत, १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत, वाढ वीस सेंटिमीटरच्या आगेमागे राहील, आपण उत्सर्जन कमी केलं काय आणि नाही केलं काय. फरक पडतो तो २१०० मध्ये: पाऊण मीटरच्या आत की एक मीटर. म्हणून तुमच्या गृहकर्जाच्या मुदतीत वीस सेंटिमीटर धरून चला आणि त्यावर डोकं खाजवत बसू नका.

मात्र जमीन खाली जाते तो भाग वेगळा, आणि नवी मुंबईत तो जास्त जवळचा. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’मध्ये भारतातल्या पाच महानगरांच्या खचण्याचा अभ्यास आला. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूर. उपग्रहाच्या रडारवरून काढलेला. त्यात मुंबईत काही ठिकाणी वर्षाला २६ मिलिमीटरपर्यंत खचण्याचा वेग दिसला. समुद्र चार-साडेचार मिलिमीटरने चढतोय आणि जमीन त्याच्या पाचपट वेगाने उतरतेय, असे ठिपके आहेत. ठिपके आहेत म्हटलं, सगळं शहर नव्हे.

आपल्याकडे खचण्याचं मुख्य कारण चिकणमाती. खाडीकाठी खडकाच्या वर मऊ सागरी चिखलाचा थर असतो, कुठे दोन मीटर, कुठे दहा-पंधरा. त्यावर भराव टाकला की चिखलातलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि थर दबत जातो. याला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: थर दुप्पट जाड असेल तर चौपट वेळ. टेरझागी यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेलं हे गणित आजही साइटवर चालतं. म्हणूनच नवी मुंबई विमानतळाच्या जागेवर चिखलात उभ्या निचऱ्याच्या पट्ट्या ठोकून वर भराव ठेवला, की जे दबायचं ते आधीच दबून जावं. जुन्या वसाहतींत तेवढी चैन कोणी केली नव्हती.

आणि इथे उपग्रहाच्या आकड्यातली एक मेख लक्षात घ्या. इमारत बहुधा खडकापर्यंत पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल नेलेल्या खांबांवर, उभी असते, ती खचत नाही. खचतो तो सभोवतीचा रस्ता, कंपाउंडची फरशी, गटार. रडारला सर्वांत ठळक परतावा मिळतो इमारतींकडून. त्यामुळे उपग्रहाच्या नकाशावर सेक्टर स्थिर दिसतो आणि प्रत्यक्षात जिन्याची खालची पायरी लटकायला लागते, मीटर-रूमसमोर नवीन उतार करावा लागतो, गटाराचा उतार उलटा होतो. वाशीत जुन्या सोसायट्यांमधून चालत जा, हे तुम्हाला उपग्रहाशिवाय दिसेल. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार उपग्रह यात मदत करेल असं मला वाटतं. त्याचं एल-बँड रडार चोवीस सेंटिमीटर लांबीच्या लहरीचं आहे, झाडीतून खालपर्यंत पोहोचतं, आणि बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येतं. खारफुटीखालचा चिखल, गवताळ पाणथळी, नाल्यांचे काठ अशा जागांवर आजवरचं छोट्या लहरीचं रडार फसत होतं.

आता मुख्य मुद्दा, फाटकांचा.

सिडको १९७० साली स्थापन झाली आणि खाडीकाठच्या खाजण जमिनींवर भराव करून एकेक नोड, म्हणजे वाशी-नेरुळसारखं उपनगर, उभा राहिला. सगळीकडे उधाणाच्या भरतीच्या वर भराव करायचा म्हटलं तर पारसिकचा अख्खा डोंगर पुरला नसता, म्हणून काही भाग मुद्दाम खाली ठेवले आणि डच पद्धतीची व्यवस्था केली: डोंगरावरून आणि वसाहतीतून येणारे नाले एका धारण तलावात, म्हणजे होल्डिंग पाँडमध्ये, सोडायचे. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये फाटक. ओहोटीला तलावातलं पाणी आपल्या वजनाने फाटक ढकलून बाहेर पडतं, भरती चढली की खाडीचं पाणी फाटक दाबून बंद करतं. डच म्हणतात खरं, पण बेलापूर-उरणकडच्या आगरी शेतकऱ्याला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. खारं पाणी अडवणारा खारबंदिस्तीचा बांध आणि त्यातली उघाडी, म्हणजे आतलं पाणी सोडायचं दार, हे यंत्र तो पिढ्यान्‌पिढ्या चालवत आला होता. फरक इतकाच की त्याच्या बांधामागे भात होतं आणि आपल्या बांधामागे बेसमेंट पार्किंग आहे.

गणित करू. आकडे उदाहरणापुरते, पण भरतीचे खरे. अपोलो बंदरला उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, सरासरी भरती ४.४२ मीटर आणि ओहोटी ०.७६. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती ३.३० आणि ओहोटी १.८६. समजा, तुमच्या तलावातलं पाणी सरासरी समुद्रपातळीच्या अर्धा मीटर वर आहे. खाडी त्याच्या वर असेल तेवढा वेळ फाटक बंद. एका भरतीचा फेरा १२ तास २५ मिनिटांचा. उधाणाला त्यातले सुमारे पाच तास फाटक बंद राहतं. समुद्र २० सेंटिमीटर चढवून तेच गणित परत करा: साडेपाच तासांहून थोडं जास्त. म्हणजे दर फेऱ्याला साधारण २७ मिनिटांचं नुकसान, दिवसाला जवळजवळ तास.

आता भांग घ्या. आज बंद राहतं सुमारे तीन तास दहा मिनिटं. २० सेंटिमीटर चढल्यावर साडेचार तास. नुकसान फेऱ्याला ८० मिनिटांचं! उधाणाच्या तिप्पट. कारण साधं आहे: भांगाला पाणी हळू चढतं, हळू उतरतं, वरच्या टप्प्यात रेंगाळतं, त्यामुळे पातळीतला थोडा फरकही वेळेत मोठा दिसतो. वर भांगाच्या ओहोटीला पाणी फार खाली जातच नाही, मग तलावातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला ओढही कमी. आपण सगळे उधाणाच्या तारखांची यादी भिंतीवर लावून बसतो. ‘या पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरती इतके दिवस.’ यादी चुकीची नाही. पण येत्या पंचवीस वर्षांत जे दिवस सर्वांत जास्त बिघडणार आहेत ते त्या यादीत नाहीत.

पाऊस किती साठतो तेही बघा. एक चौरस किलोमीटरच्या सेक्टरवर तासाला २५ मिलिमीटर पाऊस, सगळा काँक्रीटवरून वाहून आला, तर ताशी २५ हजार घनमीटर पाणी. दहा हेक्टरच्या तलावात ते ताशी २५ सेंटिमीटर चढतं. पाच तास फाटक बंद म्हणजे सव्वा मीटर. तलाव गाळाने अर्धा भरला असेल तर तो सव्वा मीटर तलावात मावत नाही, तो सेक्टरच्या रस्त्यावर असतो. आणि पाऊस २५ मिलिमीटरवर थांबेल याची हमी कोण देणार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्यातलं बाष्प बरंचसं अरबी समुद्राकडून येतं.

भर म्हणून पावसाळ्यातल्या उधाणाची मोठी भरती मुंबईत दुपारी बाराच्या आसपास येते, हिवाळ्यात मध्यरात्री. दिवसातल्या दोन भरती सारख्या नसतात आणि कुठली मोठी ते सूर्य-चंद्राच्या स्थितीवर ठरतं. या निमित्ताने आणखी एक सांगतो: चंद्राच्या कक्षेचा १८.६ वर्षांचा फेरा आहे आणि त्यामुळे २०३० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या किनाऱ्यांवर भरतीचे पूर झपाट्याने वाढतील, असा नासाच्या पुढाकाराने झालेला २०२१ चा अभ्यास मराठी बातम्यांतही फिरला होता. तो निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा उचलू नका. आपल्या भरतीत अर्ध्या दिवसाची आणि पूर्ण दिवसाची अशी दोन्ही स्पंदनं आहेत, आणि या फेऱ्यात एक वाढतं तेव्हा दुसरं घटतं.

तलावांचं दुखणं सर्वांना माहीत आहे. खाडीचं पाणी गढूळ. फाटक नीट मिटलं नाही, फटीतून गळलं, की प्रत्येक भरती थोडा गाळ आत सोडून जाते. गाळ वर आला की तिवराची, म्हणजे खारफुटीतल्याच एका झाडाची, रोपं धरतात. रोपांची झाडं झाली की ती खारफुटी, आणि खारफुटीला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी हवी; मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आणि २०१८ चा निकाल दोन्ही त्याबाबत स्पष्ट आहेत. माझं मत विचाराल तर ते निकाल आले नसते तर आज ठाणे खाडीला काठ उरला नसता. तरी धारण तलाव हा शहराच्या निचऱ्याचा भाग आहे, त्याची साफसफाई न करता तो ठेवणं म्हणजे उघाडी चिखलाने बुजू देणं. परवानगी मागावी, नेमकी मागावी, तलावाच्या मधली वाट आणि फाटकाचं तोंड एवढीच मागावी. आख्खा तलाव भुईसपाट करण्याचे प्रस्ताव न्यायालयात अडकतात आणि मग काहीच होत नाही, हे मी जवळून बघितलंय.

फाटकाच्या बाहेरचाही विचार हवा, त्याकडे कोणी बघत नाही. वरच्या गणितात मी धरलं की ओहोटीला खाडी पूर्ण उतरते. पण आउटफॉलपासून, म्हणजे फाटकाच्या खाडीकडच्या तोंडापासून, खाडीच्या खोल पात्रापर्यंत दोन-तीनशे मीटर चिखलाचा पट्टा असतो आणि त्यातून जाणारी चर गाळाने वर आलेली असते. खाडी चरीच्या तळाखाली गेली तरी तलावातलं पाणी चरीच्या तळाखाली जाऊ शकत नाही. आजच्या घडीला काही फाटकांवर ही चर समुद्राच्या वाढीपेक्षा जास्त अडवते आहे. समुद्र आपल्या हातात नाही, चर आहे.

आता खारफुटी. ‘खारफुटी म्हणजे भिंत’ हे वाक्य आपण शाळेतल्या पोरांकडून इतकं वदवून घेतलंय की खरं काय ते बोलायची चोरी झाली आहे. खारफुटी लाटांची ताकद मोडते, यात शंका नाही: शंभर मीटर रुंद पट्ट्यात लाटेची उंची १३ ते ६६ टक्के कमी झाल्याच्या नोंदी आहेत. चक्रीवादळात पाण्याचा लोंढा आला तर खारफुटी त्यालाही काही प्रमाणात थोपवते, आणि अरबी समुद्रात चक्रीवादळं वाढली आहेत. पण ठाणे खाडीच्या आत मोठ्या लाटा येतात कुठून? इथे पाणी शांतपणे सहा तास चढतं. हळू चढणारं पाणी झाडांच्या मुळांतून आरामात पलीकडे जातं. भरती खारफुटीने अडत नाही.

मग तिचा उपयोग काय? ती चिखल धरते. तिवराची वर आलेली श्वासमुळं पाण्याचा वेग मोडतात, गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो, आणि काठाची जमीन मिलिमीटर-मिलिमीटरने वर चढते. बांधाच्या पायथ्याशी असा चिखलाचा जाड ओटा असला की बांध टिकतो. खरा प्रश्न आहे तो हा की समुद्र ज्या वेगाने चढतोय त्या वेगाने ही जमीन चढू शकेल का. यावर गेल्या काही वर्षांतलं सर्वांत चांगलं काम ऑस्ट्रेलियाच्या नील सेंटिलन यांच्या गटाचं. त्यांनी जगभरातल्या ७८ ठिकाणच्या जुन्या गाळाचे नमुने तपासले. हिमयुगानंतर, दहा ते सात हजार वर्षांपूर्वी, समुद्र वेगाने चढत होता आणि मग त्याचा वेग मंदावला. त्या काळात खारफुटी कधी रुजली हे गाळात लिहिलेलं असतं. २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: समुद्रवाढ वर्षाला सहा मिलिमीटरच्या वर गेली की खारफुटी जागेवर टिकण्याची शक्यता फार कमी. २०२३ मध्ये त्याच गटाने ‘नेचर’मध्ये आणखी कडक आकडा दिला: चार मिलिमीटरला मागे पडायला सुरुवात होण्याची शक्यता, सातला जवळपास खात्री.

आणि आज जगाचा सरासरी वेग ४.५ आहे. म्हणजे आपण पहिली रेघ ओलांडली आहे.

ठाणे खाडीत मात्र चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे, आणि काही वर्षं तरी आपल्या बाजूचं. खाडी गाळाने श्रीमंत आहे. खारफुटी उपाशी नाही, उलट ती चिखलाच्या मैदानांवर पुढे सरकते आहे आणि खाडीचं पात्र अरुंद होतंय. ठाण्याचं बांदोडकर महाविद्यालय खाडीच्या काठावरच उभं आहे, तिथल्या प्राध्यापकांनी-विद्यार्थ्यांनी या खाडीचा दीर्घ अभ्यास केलाय. पुढे सरकणाऱ्या खारफुटीची किंमत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, मोजतात. त्यांना झाडं नकोत, उघडा चिखल हवा, कारण त्यांचं खाणं त्या चिखलावरच्या सूक्ष्म शैवालात आहे. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, १,६९० हेक्टरचं. २०२२ मध्ये खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झाली, ६,५२१ हेक्टर. कागदावर सगळं सुरक्षित आहे, आत झाडं आणि चिखल यांची आपापसातली ओढाताण चालूच आहे. ऐरोली-दिव्याच्या कोळ्यांना विचारा, निवट्या आणि खुबे कुठे मिळायचे आणि आता कुठे मिळतात. हद्दीच्या खुणा त्यांना जास्त पक्क्या माहीत आहेत.

पुढे जेव्हा गाळ कमी पडेल तेव्हा खारफुटीला एकच वाट राहते: मागे सरकणं, जमिनीच्या दिशेने. मागे काय आहे? पाम बीच मार्गाचा भराव, सोसायटीची भिंत, बांध. तिथे ती चिरडली जाईल. म्हणून नेरुळ-सीवूड्सच्या मागच्या पाणथळी, उरणकडची पाणजेसारखी ठिकाणं, यांच्यावर भराव टाकण्याची प्रत्येक परवानगी दुहेरी नुकसान करते. पावसाचं पाणी थांबायची जागा जाते आणि खारफुटीची मागे सरकायची जागाही जाते. पक्ष्यांसाठी वाचवा असं म्हणणाऱ्यांना बिल्डर हसतो. धारण क्षमतेचा हिशोब मांडला की हसणं थांबतं. सभेत जाणार असाल तर घनमीटर घेऊन जा.

तुमच्या घराकडे येतो. बघत असलेल्या इमारतीचा प्लिंथ, म्हणजे जोतं, समोरच्या रस्त्यापेक्षा किती वर आहे ते बघा, आणि त्या रस्त्यावर डांबराचे थर किती चढलेत तेही. काही जुन्या सोसायट्यांत रस्ता आता आवाराच्या वर गेलाय. पाण्याची भूमिगत टाकी, मीटर-रूम, लिफ्टचा खड्डा, जनरेटर कुठे आहेत? बेसमेंटमध्ये असतील तर पंप किती आणि वीज गेल्यावर ते कशावर चालतात, हे सेक्रेटरींना विचारा. पायऱ्यांच्या खाली नवीन सिमेंट ओतलेलं दिसलं, कंपाउंडच्या भिंतीला तिरप्या भेगा दिसल्या, तर खचणं चालू आहे. इमारत पाइलवर असेल तर तिला स्वतःला धोका नाही, पण गटार आणि पाण्याच्या जोडण्या दर काही वर्षांनी उकरायची तयारी ठेवा. तुमचा सेक्टर कुठल्या धारण तलावात निचरतो हे विभाग कार्यालयात विचारा. तलाव कधी उपसला, फाटक दुरुस्त कधी झालं, पंपघर आहे का, हे माहिती अधिकारात मागता येतं. उत्तर द्यायला त्यांनी फार वेळ लावला तर तेही एक उत्तरच समजा.

आणि जुलैमध्ये एकदा स्वतः जाऊन या. उधाणाच्या दिवशी दुपारी सगळेच बघतात, तुम्ही अष्टमीला जा, जोराचा पाऊस असेल अशा दिवशी, भरती ओसरायला लागून दोन तास झाल्यावर. फाटकातून पाणी जोरात बाहेर पडत असेल आणि सेक्टरचे नाले उतरत असतील तर व्यवस्था काम करतेय. फाटक उघडं, तलाव भरलेला आणि पाणी जागच्या जागी, असं दिसलं तर बाहेरची चर बुजली आहे. ती जागा मी तरी सोडून देईन. चर वाहती असेल, घर पहिल्या मजल्यावर किंवा त्याच्या वर असेल आणि मीटर-रूम बेसमेंटमध्ये नसेल, तर लाल नकाशामुळे घर सोडू नका. तळमजला मात्र घेऊ नका, पाम बीचच्या त्या बाजूला तर नाहीच.